वस्तीतल्या तंट्यांसाठी मध्यस्थी केंद्र : निधी मागण्याआधी, मागताना आणि मिळाल्यावर

सामाईक नळ, वरच्या मजल्यावरची गळती, शेताचा बांध, अडवलेली वाट, पार्किंग. अशी भांडणे पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात जाण्याआधी मिटवणाऱ्या लहान संस्था महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांचे निधीचे अर्ज मात्र बहुधा पहिल्याच चाळणीत बाजूला पडतात. अर्जात ‘समाजात शांतता व सलोखा निर्माण करणे’ असे लिहिलेले असते आणि पैसा नेमका कशावर खर्च होणार ते कुठेच नसते. शांततेसाठी म्हणून कोणी धनादेश फाडत नाही. अमुक वस्तीतल्या अमुक प्रकारच्या तंट्यांत दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवण्याचे काम दिसले, तर पैसे मिळतात.

दुसरी चूक क्रमाची. कुठल्या तरी कंपनीची जाहिरात दिसते, मुदत दहा दिवसांवर असते, अर्ज रातोरात लिहिला जातो आणि नोंदवही, पोलीस ठाण्याशी बोलणे, मध्यस्थांचे प्रशिक्षण हे सगळे ‘मंजुरी आल्यावर बघू’ म्हणून मागे राहते. खालचे टप्पे याच्या उलट क्रमाने आहेत. नोंदणीकृत विश्वस्त संस्था किंवा सोसायटी हाताशी आहे असे धरले, तरी पहिल्या टप्प्यापासून अर्ज हातावेगळा होईपर्यंत सहा महिने ठेवा.

## टप्पा १ : काय घेणार आणि काय कधीच घेणार नाही

सगळ्यात आधी एक पानाचे धोरण लिहा आणि विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करून मंजूर करा. दाता पुढे जे खोचक प्रश्न विचारतो त्यांतले निम्मे या एका पानावरून येतात.

घेण्याजोगे तंटे सांगणे सोपे आहे : शेजाऱ्यांतले वाद, भाडेकरू-मालक कुरबुरी, सामाईक जागेचा वापर, आवाज, कचरा, पाळीव जनावरे, भावाभावांतली वहिवाट, लहान उसनवारी. पाणंद रस्त्यासारखा विषय घेतलात तर तहसीलदाराच्या अधिकाराला हात न लावता घ्या. तुम्ही फक्त बोलणे घडवता, आदेश देत नाही, हे धोरणात लिहा.

न घेण्याचे तंटे लिहिताना हात आखडता घेऊ नका.

बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट बैठकीत निघाली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे. तिथे ‘मध्यस्थीतले बोलणे गुप्त असते’ ही सबब चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या कायद्यात बसणारी घटना घ्यायची नाही. मारहाण चालू असलेल्या घरातली बाई समेटासाठी समोर बसवायची नाही. तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे पोहोचवणे हे तुमचे काम. आणि ज्या बाजूला बसायचेच नाही, तिला बोलावणी पाठवून पाठवून आणायचे नाही.

यापुढचा मुद्दा महाराष्ट्रात जास्त जपायला हवा. आपल्याकडे गावकी, भावकी आणि जातपंचायत यांची सवय जुनी आहे, आणि चांगल्या हेतूने सुरू झालेली समिती दोन वर्षांत पंचांच्या थाटात बोलू लागते. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा असून जुलै २०१७ पासून लागू आहे. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून धोरणात स्पष्ट वाक्ये हवीत : आम्ही दंड घेत नाही, कोणाला जाहीर माफी मागायला लावत नाही, समेट न करणाऱ्याशी व्यवहार तोडा असे सांगत नाही, आणि कोणाच्या लग्नाच्या निवडीवर बैठक बोलावत नाही.

इशारा : ‘गावातले सर्व तंटे मिटवू’ हे वाक्य अर्जात दिसले की अनुभवी वाचणारा तिथेच थांबतो. सर्व म्हणजे गंभीर गुन्हेही आलेच, असा अर्थ तो काढतो, आणि बरोबर काढतो.

## टप्पा २ : संस्थेचे कागद

हे काम कंटाळवाणे आहे आणि ते चुकल्यामुळेच सर्वाधिक अर्ज अडतात.

१. संस्थेच्या घटनेतली उद्दिष्टे वाचा. ‘शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य’ एवढेच असेल तर मध्यस्थी त्यात ओढून बसवू नका. १८६० च्या कायद्याखालील सोसायटीला उद्दिष्ट बदलायचे तर विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तोच ठराव पुन्हा तितक्याच मतांनी कायम करावा लागतो. नुसत्या विश्वस्त व्यवस्थेची वाट वेगळी आहे. त्यासाठी धर्मादाय आयुक्तालयात काम करणारा वकील गाठा.

२. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची धर्मादाय कार्यालयाला द्यायची सूचना, दाखल झाला आहे का ते पाहा. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो द्यायचा असतो. परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) वारलेल्या विश्वस्ताचे नाव आणि अर्जावर नव्या अध्यक्षांची सही, असा मेळ न बसलेला अर्ज दात्याच्या वकिलाकडे अडकतो.

३. आयकराची बारा-अ (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी चालू आहे का? या नोंदण्यांना आता मुदत असते, आणि तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्याचे संस्थेला पुष्कळदा दात्याकडून कळते. शिवाय नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. जुन्या प्रमाणपत्राचे पुढे काय करायचे ते सीएला लेखी विचारून घ्या.

४. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. तिथले विश्वस्तांचे तपशील आजचे हवेत.

५. कंपनीकडून सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्च करायचा, पैसा हवा असेल तर सीएसआर-१ अर्ज. १ एप्रिल २०२१ पासून तो सक्तीचा आहे. त्यावर डिजिटल सही लागते आणि व्यवसाय करणाऱ्या सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला लागतो. नोंदणी क्रमांक हातात नसताना कंपनीकडे जाऊ नका.

६. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचीसह.

तपासा : पॅन कार्ड, बँक खाते, धर्मादाय नोंदणी आणि दर्पण या चारही ठिकाणी संस्थेचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे का? एकीकडे ‘मंडळ’ आणि दुसरीकडे ‘मंडळ, पुणे’ असेल तर तो फरक आत्ताच मिटवा.

## टप्पा ३ : पैसा नसताना तीन महिन्यांची नोंदवही

या टप्प्याला बहुतेक जण फाटा देतात. अर्जाचे वजन मात्र इथेच तयार होते.

एक वस्ती किंवा दोन-तीन गावे निवडा. आठवड्यातून ठराविक दोन संध्याकाळी समाजमंदिरात, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत बसा. येणारी प्रत्येक तक्रार लिहा, ती मिटो वा न मिटो. रकाने साधे ठेवा : क्रमांक, तारीख, तंट्याचा प्रकार, दोन बाजूंचे नाते, आधी कुठे गेले होते (पोलीस ठाण्यात एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, सोसायटीची कमिटी, सरपंच, वकील), दुसरी बाजू आली का, किती बैठका झाल्या, शेवट काय झाला. नावे-पत्ते वेगळ्या वहीत, कुलपात. दात्याला कधीही फक्त क्रमांकाची वही दाखवायची.

तीन महिन्यांत आकडे थोडेच जमतील, आणि ते पुरेसे आहेत. ‘आमच्या भागात तंटे फार’ यापेक्षा ‘आलेल्या चाळीस तक्रारींपैकी सतरा पाण्यावरून, आणि त्यांतल्या अकरा एकाच गल्लीतल्या’ अशा धर्तीचे वाक्य लिहिता आले, तर वाचणाऱ्याला वस्ती दिसते. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुमच्या वहीतून येऊ द्या. दुसरी बाजू आलीच नाही असे प्रकारही मोजा. नवख्या संस्था ते लपवतात. जाणता दाता नेमके तेच विचारतो, कारण दुसऱ्या बाजूला आणणे हाच या कामातला अवघड आणि खर्चिक भाग असतो.

इशारा : तंटामुक्त गाव समितीचे जुने आकडे आयते मिळतात म्हणून उचलू नका. २००७ पासूनची ती मोहीम पुरस्कारासाठी गुण मोजणारी होती. गावाला तंटे मिटलेले दाखवण्यात रस होता, म्हणून ‘मिटले’ या रकान्याकडे जपून पाहावे लागते. समितीतले अनुभवी लोक मात्र जरूर सोबत घ्या.

## टप्पा ४ : प्राधिकरण आणि पोलीस ठाणे

निधीआधी दोन दारे ठोठवायची.

पहिले दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांचे. ते न्यायिक अधिकारी असतात, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिथे पैसा मागायला जाऊ नका. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : तुमच्या स्वयंसेवकांसाठी प्रशिक्षण, तुमच्या वस्तीत एखादा विधी स्वयंसेवक (पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेला पण कायद्याची प्राथमिक माहिती दिलेला माणूस), आणि लोकअदालतीची वाट.

ही शेवटची गोष्ट अर्जात सोन्याची ठरते. तुमच्या खोलीत झालेला समेट हा फक्त लेखी शब्द असतो. तोच तंटा दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत नेला आणि तिथे तडजोडीवर निवाडा झाला, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ प्रमाणे त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते आणि त्यावर अपील नसते. पैशाच्या देवघेवीचा किंवा वाटेच्या हक्काचा समेट असेल तर ही पायरी कधी आणि कशी घ्याल ते अर्जात लिहा. आवाजाच्या किंवा कुत्र्याच्या तंट्याला तिची गरज नाही.

मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्येही सामुदायिक मध्यस्थीची दोन कलमे आहेत, ४३ आणि ४४. दोन्ही बाजूंची आधी संमती, प्राधिकरणाकडे अर्ज, तीन मध्यस्थांचे मंडळ, आणि झालेला समेट शांतता राखण्यासाठी, हुकूमनाम्यासारखा बजावता न येणारा, असा त्यांचा गाभा. अर्जात या कलमांचा आधार घेण्याआधी ती लागू झाल्याची अधिसूचना शोधा. ९ ऑक्टोबर २०२३ ला कायद्याची जी कलमे अमलात आली, त्यांत ही दोन नव्हती. ‘कायद्याने आम्हाला अधिकार दिला आहे’ असे लिहून मोकळे होणाऱ्यांना दात्याचा वकील पहिला प्रश्न इथेच विचारतो.

दुसरे दार पोलीस ठाण्याचे. शेजाऱ्यांची भांडणे तिथे अदखलपात्र म्हणून नोंदली जातात आणि चिघळली की चॅप्टर केसपर्यंत, म्हणजे शांतता राखण्याचे हमीपत्र घेण्याच्या कारवाईपर्यंत, जातात. वरिष्ठ निरीक्षकांना भेटून एवढेच मागा : योग्य वाटेल तिथे लोकांना आमच्या केंद्राची माहिती द्या. पत्र मिळाले तर उत्तम. पण वाट एकेरी ठेवा. पोलिसांनी माणूस पाठवावा, तुम्ही बैठकीतले बोलणे पोलिसांना सांगायचे नाही. कायद्याने कळवणे भाग आहे तेवढाच अपवाद. बीट हवालदाराला बैठकीत बसवले की लोक मोकळेपणी बोलत नाहीत, मग केंद्र फक्त नावाला उरते.

तपासा : दोन्ही कार्यालयांना दिलेल्या पत्रांच्या शिक्क्यासह पोच प्रती जवळ आहेत का? उत्तर आले नसले तरी पोच अर्जाला जोडता येते.

## टप्पा ५ : कोणाचा पैसा

सीएसआरकडे सगळे आधी धावतात. कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरखाली चालणाऱ्या कामांच्या यादीत, ‘मध्यस्थी’ नावाचा विषय नाही, त्यामुळे काम कोणत्या बाबीखाली बसते ते तुम्हीच सांगायला हवे. ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, किंवा महिलांचे सक्षमीकरण व मागास घटकांवरची विषमता कमी करणे, यांपैकी एक निवडा. तीनही लिहिले की काहीच न लिहिल्यासारखे होते. सीएसआरचे बंधन पाचशे कोटी नक्त मालमत्ता, हजार कोटी उलाढाल किंवा पाच कोटी नफा, यांपैकी एक निकष गाठणाऱ्या कंपनीवर असते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बड्या नावांबरोबर तुमच्या जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखानाही त्यात येऊ शकतो, आणि त्याच्या दाराशी गर्दी कमी असते. त्यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते. जानेवारीत गेलात तर उरलेल्या रकमेतून घाईचा, एकरकमी पैसा मिळेल. या कामाला तो मानवत नाही. एप्रिल ते जूनमध्ये जा आणि बहुवर्षीय ‘चालू प्रकल्प’ म्हणून मागा. त्याला सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतची मुभा आहे.

परोपकारी प्रतिष्ठाने, उदाहरणार्थ टाटा ट्रस्ट्स, अझीम प्रेमजी फाउंडेशन किंवा रोहिणी निलेकणी फिलान्थ्रॉपीज, सामाजिक संस्थांना पैसा देतात. निर्णयाला वेळ लागतो, प्रश्न खोल असतात. मध्यस्थीसारखे हळू काम त्यांना कंपन्यांपेक्षा चटकन समजते, असे माझे मत आहे. मात्र त्यांच्याकडे टप्पा तीनशिवाय जाऊ नये.

परदेशी पैशासाठी एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत ठरलेले खाते लागते, प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा असते, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. लहान केंद्राने पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये. परदेशातल्या मराठी मंडळींकडून देणगी येते तेव्हा घोटाळा होतो तो इथे : भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी अंशदान ठरत नाहीत. त्याच घरातल्या अमेरिकन पासपोर्टवाल्या बहिणीचे ठरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) असले तरी. देणगी घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा. ओळखीच्या माणसाला विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

आमदार-खासदार निधीचा विचार सोडून द्या. तो पक्क्या बांधकामाकडे जातो, मानधनाकडे नाही.

### पैसा देणाराच तंट्यात असेल तर

या टप्प्यावर माझे म्हणणे सगळ्यात कडक आहे. झोपडपट्टी पुनर्वसन चालू असलेल्या वस्तीत विकासकाच्या सीएसआरवर मध्यस्थी केंद्र चालवू नका. सांडपाण्यावरून गावाशी वाद असलेल्या कारखान्याचा पैसा त्याच गावातल्या केंद्रासाठी घेऊ नका. रक्कम कितीही मोठी असो, पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल, ‘हे त्यांचेच माणूस’, आणि ते खोटे नसेल. अशा कंपनीचा पैसा दुसऱ्या तालुक्यातल्या कामाला घेता येईल. राजकीय पक्षाशी बांधलेल्या मंडळाच्या वर्गणीलाही हाच नियम.

तपासा : गेल्या काही वर्षांत दात्याचा तुमच्या कार्यक्षेत्रात जमीन, पाणी, बांधकाम किंवा नोकरीवरून कोणाशी वाद झाला आहे का? चार जुन्या रहिवाशांना विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहा.

## टप्पा ६ : अंदाजपत्रक

दोन वस्त्या, एक वर्ष, १६० तक्रारी येतील आणि १०० बैठकीपर्यंत पोहोचतील असे धरून हा नमुना. दर तुमच्या गावाचे घाला.

- समन्वयक, एक : २२,००० × १२ = २,६४,०००
- क्षेत्र कार्यकर्ते, दोन : १४,००० × २ × १२ = ३,३६,०००
- मध्यस्थांचे मानधन : १०० तंटे × २ बैठका × २ मध्यस्थ × ५०० = २,००,०००
- प्रशिक्षण, वीस जणांचे : १,२०,०००
- खोलीचे भाडे : ६,००० × १२ = ७२,०००
- प्रवास, फोन, छपाई : ६०,०००
- सहा महिन्यांनी फेरभेटी व बाहेरच्या माणसाकडून पडताळणी : ३८,०००
- लेखापरीक्षण : ३०,०००

एकूण ११,२०,०००. म्हणजे बैठकीपर्यंत आलेल्या प्रत्येक तंट्यामागे ११,२०० रुपये. हा भागाकार दाता करणारच आहे, म्हणून तो तुम्हीच करून अर्जात लिहा आणि त्याखाली सांगा की बैठकीपर्यंत न आलेल्या साठ तक्रारींवरचे फेरे, समजावणे, योग्य ठिकाणी पाठवणे हेही याच रकमेत आहे.

सगळ्यात जास्त कात्री क्षेत्र कार्यकर्त्यांवर चालते. ‘स्वयंसेवक करतील की!’ असे म्हटले जाते. पण दुसऱ्या बाजूच्या घरी तीनदा जाऊन, दारात उभे राहून, शिव्या ऐकून तिला यायला राजी करणारा माणूस फुकटात वर्षभर टिकत नाही. कपात करावीच लागली तर तंट्यांची संख्या कमी करा, हे पद राखा.

मानधनाबद्दल एक नियम लेखी असू द्या : समेट झाला वा न झाला, मध्यस्थाला बैठकीचे तेवढेच पैसे. समेटावर जादा पैसे ठेवले की मध्यस्थ रेटू लागतो.

प्रशिक्षणात काटकसर दाखवण्यासाठी एक दिवसाचे शिबिर लिहू नका. न्यायालयीन मध्यस्थांसाठी चाळीस तासांच्या प्रशिक्षणाचा मापदंड आहे. वस्तीतल्या मध्यस्थांना तेवढेच हवे असे नाही, पण चार-पाच दिवसांखाली आलात तर कारण द्यावे लागेल.

फुकट मिळालेली खोली, वकिलांचा न घेतलेला मोबदला हे ‘संस्थेचा वाटा’ म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा. त्याची किंमत फुगवू नका.

## टप्पा ७ : अर्ज लिहिणे

आता लिहायला बसा. तयारी झाली असेल तर चार दिवस पुरतात.

पहिल्या परिच्छेदात वस्तीचे नाव, तंट्यांचे मुख्य दोन प्रकार, मागत असलेली रक्कम आणि कालावधी. महात्म्यांची वचने, वेदकालीन पंचायती, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ हे सगळे काढून टाका. मग एका तंट्याचा प्रवास सांगा : तक्रार आली, कोण घरी गेले, संमतीपत्रावर सह्या कधी, बैठकीत कोण बसते, समेट कोणत्या भाषेत लिहिला, प्रत कोणाला, तीन महिन्यांनी कोण विचारते. ओळख पटेल असे तपशील बदला. गल्लीतल्या गल्लीत माणूस ओळखायला नाव लागत नाही.

मध्यस्थांची यादी देताना पाहा, ती निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी आणि माजी सरपंच अशा एकाच वयाच्या पुरुषांची झाली आहे का. तशी असेल तर अर्ज थांबवा आणि यादी बदला. मध्यस्थी अधिनियमातही मंडळात महिला व इतर घटकांच्या प्रतिनिधित्वाचा विचार सांगितला आहे. भाडेकरू, तरुण, वस्तीतल्या अल्पसंख्य समाजाची माणसे नसलेल्या यादीवर निम्मी वस्ती विश्वास ठेवणार नाही.

मोजमाप काय द्यावे, यावर अनेक अर्ज घसरतात. ‘९० टक्के तंटे मिटवू’ असे वचन देऊ नका. ते पाळण्यासाठी दुबळ्या बाजूला दाबावे लागते, आणि दुबळी बाजू म्हणजे बहुतेकदा सून, भाडेकरू किंवा गल्लीतले एकटे घर. त्याऐवजी हे मोजा :

- तक्रारीपासून पहिल्या बैठकीपर्यंतचे दिवस
- दुसरी बाजू स्वतःहून आली अशा तक्रारींचे प्रमाण
- सहा महिन्यांनी टिकलेले समेट
- घेण्याजोगे नव्हते म्हणून योग्य ठिकाणी पाठवलेले प्रकार
- मध्येच उठून जाणाऱ्यांची संख्या आणि कारणे

शेवटचे मोजमाप पाहून दाता दचकेल असे वाटते. उलट घडते. उठून जाता येते, म्हणजे सक्ती नाही, हे त्याला कळते.

तपासा : अर्ज संस्थेबाहेरच्या, कामाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला वाचायला द्या. ‘पैसे कशावर जाणार?’ एवढेच विचारा. त्याला एका दमात सांगता आले नाही तर अंदाजपत्रक आणि मजकूर एकमेकांशी बोलत नाहीत.

## टप्पा ८ : भेट आणि करार

दात्याचे लोक प्रत्यक्ष बैठक पाहायला मागतात. नम्रपणे नाही म्हणा. दोन्ही बाजूंनी होकार दिला तरी परक्यासमोर माणसे वेगळे बोलतात. खोली दाखवा, क्रमांकाची वही दाखवा, मध्यस्थांशी बोलू द्या, आणि हवे तर कार्यकर्त्यांनीच पक्षकार होऊन नमुन्याची बैठक करून दाखवा. हार-गुच्छ घेऊन समेटाचा फोटो काढण्याची हौस आपल्याकडे फार आहे. तो फोटो वार्षिक अहवालात छापला की दोन्ही घरांची वस्तीभर चर्चा होते.

करारात पुढची कलमे सही करण्याआधी बघा :

१. नोंदी तपासण्याचा दात्याचा हक्क. ‘नावे, पत्ते व बैठकीतला मजकूर वगळून’ हे शब्द घालून घ्या.

२. हप्ते. पुढचा हप्ता समेटांच्या संख्येशी बांधलेला असेल तर बदलून मागा. तो अहवाल आणि हिशेबाशी बांधलेला असावा.

३. एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळवण्याची मुभा किती, आणि लेखी परवानगी कोणाकडून.

४. बोधचिन्ह. खोलीबाहेरच्या फलकावर चालेल. समेटाच्या कागदावर आणि संमतीपत्रावर नको.

५. मध्येच निधी थांबला तर किती दिवसांची सूचना. चालू तंटे पूर्ण करण्यापुरती रक्कम मिळेल असे लिहून घेता आले तर पाहा.

प्रशासकीय खर्चावरून सीएसआर विभागाशी एक वाद हमखास होतो. ‘पाच टक्क्यांच्या वर मानधन देता येत नाही’ असे सांगितले जाते. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्प राबवण्याचा थेट खर्च त्यात मोजला जात नाही, आणि मध्यस्थ व कार्यकर्ते हाच इथे प्रकल्प आहे. नियमाची प्रत सोबत ठेवा, आवाज न चढवता दाखवा.

## टप्पा ९ : पैसे आल्यावर

पहिल्या आठवड्यात वेगळे खाते किंवा निदान वेगळी खातेवही. मानधन बँकेतून द्या. रोख पाकिटे पुढे लेखापरीक्षणात त्रास देतात. कर कापायचा असेल तर तो पहिल्या महिन्यापासून कापा, मार्चमध्ये एकदम नाही.

ऐंशी-जी खाली वैयक्तिक देणग्याही घेत असाल तर देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत भरायचे असते, आणि त्यानंतरच त्यांचे प्रमाणपत्र निघते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगा.

केंद्र सरकारच्या अनुदानावर असाल तर उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियमांच्या ठरलेल्या नमुन्यातच लागते आणि अनुदानावर मिळालेले व्याजही दाखवावे लागते. व्याज संस्थेचे समजून खर्च करणे ही नेहमीची चूक.

नव्या केंद्रात पहिली तिमाही रिकामी जाते. लोक येत नाहीत, मध्यस्थ कंटाळतात, समन्वयक घाबरून ओळखीच्यांचे जुने, मिटलेले तंटे नोंदवू लागतो. त्याला तसे करू देऊ नका. तिमाही अहवालात खरा आकडा लिहा आणि सोबत काय बदलले ते लिहा : वेळ संध्याकाळी सातची केली, खोली मंदिराच्या आवारातून वाचनालयात नेली, नळावर जाऊन बायकांशी बोललो. असे दोन अहवाल गेले की दात्याशी बोलणे सोपे होते.

सहा महिन्यांच्या फेरभेटी सातव्या महिन्यापासून सुरू होतात. त्यासाठीचे ३८,००० तोवर दुसरीकडे खर्च झालेले असतात, म्हणून ते शीर्ष सुरुवातीलाच हात न लावण्याचे ठरवून ठेवा. पुढच्या वर्षाचा अर्ज नवव्या महिन्यात द्यावा लागतो. त्या अर्जाला फेरभेटींचे किमान दोन महिन्यांचे निकाल जोडता आले पाहिजेत, म्हणजे पहिले समेट पहिल्याच महिन्यात व्हायला हवेत. नसतील झाले, तर दात्याला आठव्या महिन्यातच फोन करून मुदतवाढ मागा, खर्च न वाढवता. बहुतेक देतात, मुदत उलटल्यावर मागितली तर देत नाहीत.